भक्षक पेशीचं माप

बेंगळुरूहून आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, "मग मास्तर, काय काय पाहिलंत?" लोकांना राजवाडा ऐकायचा असतो, बागा ऐकायच्या असतात, काचेच्या इमारती ऐकायच्या असतात. मी सांगतो, टायफॉइडच्या जंतूचा चुलत भाऊ पाहिला. गिऱ्हाईक तिथेच एक पाऊल मागे सरकतं. वर मी स्वतः भक्षक पेशी होऊन आलो असं म्हटलं की मापं घेणं बाजूला राहतं आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. शाळांच्या गणवेशांचा हंगाम तोंडावर आहे. म्हणून एकदाच लिहून काढतो. यापुढे कोणी विचारलं तर हा कागद हातात देईन.

मी मिरजेत शिंपी. माझी मुलगी मुक्ता पाच वर्षांपासून बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते आहे. कशात, असं कोणी विचारलं की मी "टायफॉइडमध्ये" म्हणायचो, आणि लोक काळजीने विचारायचे, "अरेरे, आता बरी आहे ना?"

एका बुधवारी सकाळी तिचा फोन आला. "बाबा, मी हे सोडतेय. कोरमंगलातली एक कंपनी नोकरी देतेय. सोमवारपर्यंत हो-नाही सांगायचंय."

माझी बायको नलू शाळेत शिकवते आणि तिच्या वार्षिक परीक्षा चालू होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही जा. समजावा तिला."

समजावणं मला जमत नाही. ब्लाउजची पाठ फार खोल होईल एवढंसुद्धा मी गिऱ्हाइकाला समजावू शकत नाही. ते म्हणतील तशी शिवून देतो आणि देवावर सोडतो. तरी पिशवी भरली. शेंगदाण्याची चिक्की, दोन शर्ट, मीटरटेप, खडू आणि सुयांची डबी. प्रवासाला टेप कशाला, असं नलूने विचारलं. टेप नसली की मानेला थंडी वाजते.

गुरुवार: के. आर. पुरम, जिथे मला जायचंच नव्हतं

मुक्ताने सांगितलं होतं, मॅजेस्टिकला, म्हणजे मुख्य स्टेशनाला उतरा, मेट्रो पकडा, जयनगरला या. मी मेट्रो पकडली. गाडी थंडगार, स्वच्छ, कोणी कोणाशी बोलत नाही. मिरज-सांगली बसमध्ये दहा मिनिटांत तुमचं गाव, जात, गुडघेदुखी सगळं शेजाऱ्याला कळतं. इथे प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं. मी समोरच्या माणसाच्या शर्टाची कॉलर बघत बसलो. डाव्या बाजूला पाव इंच जास्त होती. एवढ्या मोठ्या शहरात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या कॉलरच्या नादात मी जवळजवळ शहराच्या पूर्व टोकाला, के. आर. पुरमला पोचलो. शेजारच्या मुलीच्या बॅगवर मराठीत काहीतरी लिहिलेलं दिसलं म्हणून तिला विचारलं, "जयनगर अजून किती?"

ती नागपूरची निघाली. कानातलं काढून म्हणाली, "काका, तुम्ही टोटल अपोझिट आले ना! पर्पल लाइनवर आहात. तुम्हाला ग्रीन पाहिजे होती. मॅजेस्टिकलाच चेंज होतं."

"मॅजेस्टिकलाच तर बसलो."

"हो, पण चुकीचं बसले."

हे तिने इतक्या गोड आवाजात सांगितलं की मला माझंच कौतुक वाटलं. उलटा आलो, दुसऱ्या गाडीत बसलो आणि दीड तास उशिरा जयनगरला उतरलो. मुक्ता जिन्याखाली उभी होती. बारीक झाली होती. कुर्ता खांद्यावरून उतरत होता. एका नजरेत कळलं, दोन्ही बाजूंनी अर्धा इंच आत घ्यायला हवा. समजावण्याचं काम मी शुक्रवारवर ढकललं.

शुक्रवार: जयनगर, इंदिराक्कांचं घर

मुक्ता जयनगरमध्ये इंदिराक्कांच्या घरी वरच्या खोलीत राहते. इंदिराक्का अडुसष्ट वर्षांच्या, उंचीने माझ्या खांद्यालाही न पोचणाऱ्या, चार पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या घरातल्या मराठी बाई. त्यांचं मराठी ऐकायला मी मुद्दाम प्रश्न विचारत होतो.

"स्वल्प बसा अण्णा, कॉफी देते. चहा आमच्याकडे आजारी माणसाला करतात. सरी?"

सरी, म्हणजे बरं, म्हटलं. स्टीलच्या चिमुकल्या पेल्यात एवढीशी कॉफी आली. आमच्याकडे एवढा चहा पाहुण्याला दिला तर तो पाहुणा पुन्हा येत नाही. पण ती कॉफी प्यायल्यावर माझे कान गरम झाले. सोबत अवलक्की, म्हणजे आपले पोहेच, पण गूळ आणि चिंच घातलेले. पहिल्या घासाला मी बावरलो, तिसऱ्यांदा मागून घेतले.

इतक्यात मुक्ताचा फोन वाजला. तिच्या प्रयोगशाळेतला नवीन नावाचा मुलगा बोलत होता. शनिवारी संस्थेचा खुला दिवस होता. त्या दिवशी कोणीही आत येऊन शास्त्रज्ञांचं काम बघू शकतं. मुक्ताच्या प्रयोगशाळेने थर्मोकोलची एक मोठी पेशी केली होती. नवीन ती स्कूटरवर बांधून नेत असताना वाऱ्याने उडाली आणि तिच्यावरून पाण्याचा टँकर गेला.

"बरं झालं," मुक्ता म्हणाली. "स्टॉल रद्द करू. तसंही काय सांगणार होते मी लोकांना? पाच वर्षं काही जमलं नाही, हे?"

मला समजावायची हीच वेळ आहे असं वाटलं. मी घसा साफ केला आणि तोंडातून भलतंच निघालं.

"मी शिवून देतो पेशी. माप सांग."

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. इंदिराक्का तेवढ्यात आत जाऊन पायाच्या मशीनवरचा कपडा काढून आल्यासुद्धा. "माझ्या लग्नातलं मशीन आहे. तेल घातलंय. पडदे जुने आहेत, सोफ्याचे कव्हर आहेत, आमच्या यजमानांचा रेनकोट आहे. ते गेले, आता त्यांना पाऊस लागत नाही."

मी वही काढली. "पेशीचं नाव?"

"भक्षक पेशी," मुक्ता कंटाळून म्हणाली. "शरीरात जंतू आला की त्याला गिळणारी."

"पोटाचा घेर?"

"बाबा, तिला ठरावीक घेर नसतो. ती पाहिजे तशी पसरते."

"म्हणजे इलॅस्टिक. मग जंतू गिळल्यावर कुठे जातो? सरळ पोटात?"

"नाही. त्याच्याभोवती एक पिशवी तयार होते. पेशीच्या आत पिशवी, पिशवीच्या आत जंतू."

"अस्तराचा कप्पा," मी लिहिलं. "पुढे?"

"पुढे आम्लाने भरलेल्या छोट्या पिशव्या येऊन त्या मोठ्या पिशवीला चिकटतात. त्यांच्यातलं आम्ल आत ओतलं जातं आणि जंतू मरतो."

"मग लोकांना टायफॉइड होतो कसा?"

मुक्ता खुर्चीवर पुढे सरकली. "तेच तर. हा जंतू त्या पिशवीत गेल्यावर एक सुई काढतो."

माझी पेन्सिल थांबली. "सुई?"

"सुईसारखीच, पोकळ. तिच्यातून तो आपली प्रथिनं पिशवीच्या बाहेर, पेशीच्या अंगात टोचतो. मग आतली सगळी वाहतूक बिघडते. आम्लाच्या पिशव्या नीट पोचत नाहीत. आणि हा त्याच पिशवीत आरामात राहतो. पेशीचंच खातो, एकाचे दोन, दोनाचे चार होतो. ज्याने मारायचं, त्याच्याच घरात."

"सुई घेऊन दुसऱ्याच्या घरात बसायचं आणि त्याचंच जेवायचं," मी म्हणालो. "हा तर आमच्या धंद्यातला."

मुक्ता हसली. फार नाही, दोन टाक्यांएवढं. मग मान खाली घालून पुढचं बोलली. ती खऱ्या टायफॉइडच्या जंतूवर नाही, त्याच्या चुलत भावावर काम करते, कारण तो उंदराच्या पेशीत वाढतो. त्या जंतूची एक बारीकशी गोष्ट काढून टाकली तर तो पिशवीत टिकू नये, असा तिचा अंदाज. पेशींना जंतू द्यायचे, बाहेर राहिलेले औषधाने मारायचे, मग पेशी फोडून आतले किती जगले ते काचेच्या थाळीवर मोजायचं. दुसऱ्या दिवशी थाळीवर जितके ठिपके, तितके जगले. पहिल्या खेपेला अंदाज खरा आला. नंतरच्या तीन खेपांना प्रत्येक वेळी वेगळंच. एकदा सगळे मेले, एकदा सगळे जगले, एकदा थाळीवर भलतीच बुरशी आली.

"मला हे काम येतच नाही, बाबा," ती म्हणाली.

मला तिला सांगायचं होतं की मी पहिली पँट शिवली तिचे दोन्ही पाय डावे होते. पण इंदिराक्का पडदा फाडत होत्या, त्या आवाजात राहून गेलं.

संध्याकाळपर्यंत पेशी तयार झाली. मोहरीच्या रंगाचा पडदा, कडेला सोफ्याच्या कव्हरची झालर, आत रेनकोटच्या कापडाचा कप्पा, पुढे छातीपासून गुडघ्यापर्यंत लांब चेन. जयनगरच्या बाजारात ती चेन मी स्वतः निवडली. दुकानदार म्हणाला, ही घ्या, ही कधी अडकत नाही.

पेशी कोण होणार, हा प्रश्न नव्हता. माप माझंच घेतलं होतं. जंतू व्हायला प्रयोगशाळेतलं कोणी तयार नव्हतं. इंदिराक्कांनी चष्मा पुसला. "मी होते की. आत मावायला पायजे ना? या घरात दुसरं कोण मावतंय?"

शनिवार: खुला दिवस

संस्थेचं आवार म्हणजे गर्द सावलीचं गाव. मोठमोठी झाडं, खाली टेबलं, आणि शाळांच्या बसमधून उतरणारी पोरं. आमच्या शेजारच्या टेबलावर कोणीतरी धूर निघणारं आइस्क्रीम करून दाखवत होतं, त्यामुळे सगळी गर्दी तिकडे. आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ आले आणि संडास कुठे म्हणून विचारून गेले.

मी पेशी अंगावर चढवली. नवीनने गळ्यात लाल फुगे अडकवले आणि हातात लिंबूपाण्याचा फवारा घेतला. तो आम्लाची पिशवी होता. इंदिराक्का हिरव्या साडीत, कमरेला परकराच्या नाड्यांच्या सहा शेपट्या बांधून, हातात विणकामाची सुई घेऊन उभ्या राहिल्या. बोलायचं काम प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या मुलीचं होतं. तिचा घसा बसला होता. तिने माइक मुक्ताच्या हातात दिला आणि कॉफी प्यायला गेली.

मुक्ता कागदावरून वाचायला लागली. "ही भक्षक पेशी." मी दोन्ही हात पसरले. "हा जंतू." इंदिराक्कांनी सुई परजली. पाच-सहा पोरं आइस्क्रीमकडून आमच्याकडे वळली. ठरल्याप्रमाणे मी चेन उघडली, इंदिराक्का आतल्या कप्प्यात शिरून छोट्या स्टुलावर बसल्या आणि मी चेन वर ओढली.

ठरलं असं होतं की नवीनने कप्प्याच्या फटीतून एक फवारा मारायचा, इंदिराक्कांनी सुई दाखवून त्याला परत पाठवायचं आणि बाहेर यायचं. एकूण दोन मिनिटं. नवीनने फवारा मारला. पण रेनकोटचं कापड मी असं दुहेरी शिवलं होतं की आत थेंब गेला नाही. सगळं लिंबूपाणी माझ्या गुडघ्यावर. आतून आवाज आला, "अण्णा, उघडा आता."

मी चेन खाली ओढली. चेन हलली नाही. कप्प्याची कड तिच्या दातांत अडकली होती.

एकतीस वर्षं मी लोकांच्या चेनी लावतो आहे. घामाने माझी पेशी भिजली. मी मुक्ताकडे सरकून कुजबुजलो, "अडकलीय."

"काय?"

"चेन. अक्का आत अडकल्यात."

मुक्ताचा चेहरा पांढरा झाला. "अक्का, गुदमरतंय का?"

"अय्यो, नाही!" पोटातून आवाज आला. "वरून वारं येतंय, बूड टेकलंय. अण्णा, तुमच्या खिशात चिक्की आहे की! मी एक घेतली हं."

चिक्की मी माझ्यासाठी आतल्या खिशात ठेवली होती. आता माझ्या पोटातून कुडुमकुडुम आवाज यायला लागला. एका पोराने वाकून कन्नडमध्ये विचारलं, "अज्जी, आत काय करताय?"

"ऊटा माडताइदीनि!" म्हणजे जेवतेय. "बहळ चन्नागिदे!" म्हणजे फार छान आहे.

पोरं खदखदून हसली. आइस्क्रीमची सगळी रांग मोडून आमच्यासमोर आली. नवीनला काय करावं कळेना, तो फवारत राहिला. मी बाहेरून चेन ओढतोय, आतून चिक्की फुटतेय, आणि मुक्ता माइक धरून उभी. मग ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आणि हातातला कागद तिने घडी करून खिशात टाकला.

"बघा," ती पोरांना म्हणाली, कधी इंग्रजीत, कधी हिंदीत, मध्येच कन्नडमध्ये, "हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. पण खरं असंच होतं. पेशीने जंतू गिळला. आता ती त्याला मारू शकत नाही आणि बाहेरही काढू शकत नाही. आम्ल बाहेरच राहिलं. आणि जंतू आत काय करतोय?"

"ऊटा!" सगळी पोरं ओरडली.

"कोणाचा?"

"अंकलचा!"

पंधरा मिनिटं ती बोलली. मी माझी मुलगी पाहत होतो, तिच्या हातांच्या हालचाली पाहत होतो. घरी कोणी तिला एवढं बोलताना पाहिलेलं नाही. मधेच मागून एका बाईने हात वर केला. तिच्या मुलाला टायफॉइड झाला होता, बरा झाला, आणि महिन्याभरात परत झाला. "औषध दिलं होतं. मग कसा आला?"

"कारणं बरीच असू शकतात," मुक्ता म्हणाली. "पण एक असं की पेशीत लपलेले काही जंतू झोपून राहतात. वाढत नाहीत. बरीच औषधं वाढणाऱ्याला मारतात. झोपलेला सुटतो, आणि पुढे कधीतरी उठतो."

"तो का झोपतो?"

"ते पूर्ण कळलेलं नाही."

"तुम्ही तेच शोधताय?"

"त्याच्या शेजारचं काहीतरी." आणि मग, एवढ्या लोकांसमोर, "मला जमत नाहीये अजून."

त्या बाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. "मग परत करून बघा," ती म्हणाली. पोळी करपली तर म्हणावं, तशी.

नवीन कुठून तरी नखाएवढी कात्री घेऊन आला. मी स्वतःच्या हाताने, कालच घातलेली शिवण लोकांसमोर उसवली. शिंप्याला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. मुक्ताने तेही सोडलं नाही. "शेवटी पेशी फुटते आणि जंतू बाहेर पडून दुसऱ्या पेशीत शिरतात!" इंदिराक्का चिक्कीचे कण झटकत बाहेर आल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्यांनी सुई रोखून थेट नवीनवर झडप घातली. तो आम्लाची पिशवी आहे, पेशी नाही, हे त्याने ओरडून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. त्याचे तीन फुगे फुटले.

त्यानंतर लोकाग्रहास्तव प्रयोग अजून चार वेळा झाला. चेनीऐवजी मी नाडी लावली.

सोमवार: सूक्ष्मदर्शक

रविवारी मी मुक्ताचे सगळे कुर्ते आत घेतले. नोकरीचं ती बोलली नाही. नलूचे सात फोन आले; "समजावलंत का?" या प्रश्नाला मी "चाललंय" असं सांगत राहिलो.

सोमवारी सकाळी उठलो तर मुक्ता गेली होती. दुपारी तिने मला संस्थेत बोलावलं. जंतूंच्या खोलीत मला प्रवेश नव्हता, पण शेजारच्या खोलीत आधीच मारून रंगवलेल्या पेशी काचपट्टीवर होत्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिल्यांदा फक्त माझीच पापणी दिसली. मग अंधारात निळसर गोळे, आणि त्यांच्यात हिरवे चमकते ठिपके. एका पेशीत एकही नाही. शेजारणीत दोन. पलीकडची गच्च भरलेली, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी.

"सगळ्या एकाच ताग्यातल्या ना?" मी विचारलं. "मग प्रत्येकीचं असं वेगळं का?"

मुक्ताने वळून पाहिलं. मला वाटलं, मी काहीतरी मोठा शोध लावला.

"बाबा, हे सगळ्यांना माहीत आहे," मुक्ता म्हणाली. "यावर ढीगभर लिहिलं गेलंय."

"असं होय."

"पण मी आतापर्यंत थाळीवर एकत्रच मोजत होते. एकेक पेशी बघायला पाहिजे. कंटाळवाणं काम आहे." तिने काचपट्टी काढून दुसरी लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कंपनीला सकाळी नाही म्हणून कळवलं. आईला तुम्ही सांगा. तुम्ही समजावलंत म्हणून सांगा."

मी मान डोलावली. आयुष्यात एकदाच कोणाला तरी समजावलं, आणि तेही न बोलता.

संध्याकाळी स्टेशनला जायला रिक्षा केली. माझं कन्नड मिरजेचं, तरी ड्रायव्हरला कळत होतं. मुलगी काय करते, त्याने विचारलं. "टायफॉइडमध्ये" म्हणायचं मी कटाक्षाने टाळलं. भक्षक पेशी, पिशवी, सुई, ऊटा, सगळं सांगितलं. सिग्नलला त्याने रिक्षा बंद करून ऐकलं. मग म्हणाला, त्याच्या बायकोला दोनदा झाला होता, दुसऱ्यांदा फार वाईट. मॅजेस्टिकला उतरताना त्याने माझी पिशवी हातात दिली. "सर, मगळिगे हेळी. बेग माडली." मुलीला सांगा, लवकर करू दे.

तो वळून गेला. मी तिथेच उभा राहून मुक्ताला फोन लावला, त्याच्या बायकोचं सांगितलं आणि निरोप शब्दशः पोचवला.

मग तिने विचारलं, "बाबा, पहिल्या वेळी त्यांनी औषध पूर्ण घेतलं होतं का?"

"ते नाही विचारलं."

"आणि दोन्हींच्या मध्ये किती दिवस गेले?"

"तेही नाही."

"बाबा! विचारायला नको? बघा ना, ड्रायव्हर असेल तिथेच कुठेतरी."

ती थट्टा करत नव्हती. मी मागे वळून पाहिलं. मॅजेस्टिकच्या बाहेर रस्ता संपेपर्यंत रिक्षा उभ्या होत्या, सगळ्या हिरव्या-पिवळ्या, सगळ्यांचे ड्रायव्हर खाकी शर्टातले. गाडीला अजून पाऊण तास होता. मी पिशवी खांद्याला लावली आणि पहिल्या रिक्षापासून सुरुवात केली.